वाइनच्या टाकीत काय चाललंय, हे प्रकाशाला कसं कळतं?

आमच्या करवीर तालुक्यात डेअरीत दूध घालून आलेल्या माणसाला घरात पाय टाकायच्या आत प्रश्न येतो, "फॅट किती लागली?" माझ्या लहानपणी या प्रश्नाचं उत्तर ॲसिडमधून यायचं. बुटीरोमीटर नावाच्या काचेच्या नळीत १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर अलगद पावणेअकरा मिली दूध, वर १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की नळी हातात धरवत नाही इतकी तापायची, म्हणून संस्थेतला टेस्टर ती फडक्यात गुंडाळून धरायचा. मग सेंट्रिफ्यूज, आणि शेवटी नळीच्या मानेत वर आलेला पिवळा थर डोळ्यासमोर धरून आकडा वाचायचा. आता गावोगावी छोटी यंत्रं आली आहेत, ती बहुतेक ध्वनिलहरींवर चालतात. मोठ्या डेअरीच्या प्रयोगशाळेत असतं ते यंत्र मात्र वेगळं. ते दुधात काहीच मिसळत नाही. केसापेक्षा पातळ अशा दुधाच्या थरातून अवरक्त प्रकाश सोडतं, पलीकडे किती पोहोचला ते मोजतं आणि फॅट, प्रथिनं, लॅक्टोज एकदम सांगून मोकळं होतं.

त्याच जातीचं यंत्र द्राक्षाच्या रसाची वाइन होताना तिच्यावर नजर ठेवतं. मी कोल्हापुरात रसायनशास्त्र शिकवतो. माझा एक जुना विद्यार्थी कृष्णाकाठी, पलूसच्या बाजूला एका वायनरीत कामाला आहे. तिथल्या एका टाकीमुळे आम्हा दोघांना हा विषय मुळापासून शिकावा लागला, म्हणून आधी त्या टाकीची हकिकत.

मार्चमधली शिराझ द्राक्षं, रस २३ ब्रिक्सचा, म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण २३ ग्रॅम साखर. यीस्ट टाकलं, टाकी उकळी फुटल्यासारखी खदखदायला लागली. रोज सकाळी हायड्रोमीटर, म्हणजे खुणा केलेली तरंगती काचेची नळी, बुडवायचा आणि ब्रिक्सचा आकडा वहीत लिहायचा. आकडा उतरत उतरत बाराव्या दिवशी शून्याच्या खाली गेला, उणे ०.७. सगळ्यांनी धरलं की साखर संपली. वाइन निवळली, गाळली, बाटल्यांत भरली. मे महिन्यात गोदामातल्या बाटल्यांची बुचं वर सरकायला लागली. काही बाटल्यांतून वाइन पाझरून खाली पेट्या भिजल्या. उघडलेल्या बाटलीतला घोट जिभेला सोड्यासारखा चुणचुणत होता. बाटलीच्या आत यीस्ट पुन्हा कामाला लागलं होतं, म्हणजे त्याला खायला साखर शिल्लक होती. तपासलं तर लिटरमागे सुमारे १२ ग्रॅम निघाली.

मग हायड्रोमीटर खोटं बोलला का? नाही. तो त्याला माहीत असलेली एकच गोष्ट सांगत होता, ती म्हणजे घनता. यीस्ट साखर खातं तेव्हा १८० ग्रॅम ग्लुकोजमागे हिशेबानं ९२ ग्रॅम अल्कोहोल तयार होतं आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो. साखर गेली की द्रव हलका होतो, हे झालं एक. दुसरं म्हणजे अल्कोहोल मुळातच पाण्यापेक्षा हलकं, त्याची घनता ०.७८९. म्हणून साखर पूर्ण संपलेल्या १३ टक्क्यांच्या वाइनमध्ये हायड्रोमीटर शून्यावर थांबत नाही, उणे दीडच्या आसपास जातो. उणे ०.७ म्हणजे अजून साखर बाकी. पण शून्य ओलांडलं की काम झालं, ही समजूत इतकी पक्की असते की त्या उरलेल्या अर्ध्या-पाऊण अंशाकडे कुणी बघत नाही.

ऊस तोडीला आला का बघायला आपल्याकडे फडात हातातला रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. काचेवर रसाचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडे बघून ब्रिक्स वाचायचा. वाइनच्या बाबतीत तो उलट्या बाजूनं फसवतो. अल्कोहोलमुळे प्रकाश पाण्यातल्यापेक्षा जास्त वाकतो, त्यामुळे साखर संपली तरी रिफ्रॅक्टोमीटर सात-आठ ब्रिक्स दाखवत राहतो. दोन्ही साधनं चांगली आहेत. अडचण इतकीच की दोन्ही फक्त एकेक आकडा देतात आणि टाकीत एकाच वेळी निदान चार-पाच गोष्टी बदलत असतात.

गुऱ्हाळात काहिलीतला पाक झाला का बघायला गुळव्या चमचाभर पाक गार पाण्यात टाकतो आणि बोटांत गोळी वळून बघतो. गोळी बसली नाही तर अजून जाळ. त्याची चूक त्याला तिथल्या तिथे दिसते. वाइनची चूक दोन महिन्यांनी दिसते आणि तोवर पेट्या बांधून झालेल्या असतात. म्हणून टाकीत डोकावून साखर किती, अल्कोहोल किती, आम्ल कुठलं आणि किती हे त्याच दिवशी कळणं, याला या धंद्यात फार किंमत आहे.

आता प्रकाशाकडे वळू. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञानं सूर्यप्रकाश लोलकातून पाडला आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून बघितला. लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथे ठेवलेल्या थर्मामीटरचा पारा सगळ्यांत जास्त चढला. तो न दिसणारा प्रकाश म्हणजे अवरक्त. चुलीसमोर बसलं की तोंडाला लागते ती धग बरीचशी हीच.

हा प्रकाश रेणूंना का ओळखतो? रेणू म्हणजे अणूंची जोडणी आणि ही जोडणी ताठ नसते. दोन अणूंमधला बंध स्प्रिंगसारखा सारखा ताणला-आखडला जात असतो, वाकत असतो. प्रत्येक बंधाचा कंप पावण्याचा आपला वेग असतो. अणू हलका असला की कंप जलद, जड असला की मंद. बंध दुहेरी असला की पुन्हा जलद. नागपंचमीला फांदीला बांधलेला झोका आठवा. झोक्याच्या तालात धक्का दिला तर तो उंच जातो, भलत्याच वेळी दिला तर धक्का फुकट. अवरक्त प्रकाशाची लहर बंधाच्या तालात बसली तर तो बंध ती ऊर्जा शोषून घेतो. ताल जमला नाही तर लहर पुढे निघून जाते. पलीकडे कुठल्या तालाचा प्रकाश कमी पोहोचला हे मोजलं की मध्ये कुठले बंध उभे होते ते कळतं, आणि किती कमी पोहोचला त्यावरून ते किती होते तेही.

हा ताल मोजताना रसायनवाले एका सेंटीमीटरमध्ये किती लहरी बसतात तो आकडा सांगतात. अल्कोहोलमधल्या कार्बन-ऑक्सिजन बंधाची मुख्य खूण १०४५ वर दिसते, जोडीला १०८५ वर एक. १०४५ म्हणजे सेकंदाला सुमारे ३१ लाख कोटी हेलकावे. आम्लांमधला कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध १७२० च्या आसपास. पाणी १६४० वर आणि ३३०० च्या परिसरात, तेही प्रचंड.

वाइनमध्ये ८५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं आणि पाणी अवरक्त प्रकाश अधाशासारखं पितं. पेलाभर वाइनमधून हा प्रकाश पाठवला तर पलीकडे काहीच येणार नाही. म्हणून थर मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतका पातळ ठेवतात. आमच्या प्रयोगशाळेत आहे ती पद्धत, एटीआर, आणखी पुढची. त्यात ज्वारीच्या दाण्याएवढा एक हिरा बसवलेला असतो. त्यावर वाइनचा एक थेंब ठेवायचा. प्रकाश खालून हिऱ्यात शिरतो, वरच्या पृष्ठभागावर आपटून परत फिरतो आणि फिरताना थेंबात जेमतेम एक-दोन मायक्रॉन डोकावून येतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेवढ्या डोकावण्यातून टाकीची हालहवाल कळते, याचं मला अजून दर वेळी नवल वाटतं.

पहिल्या वर्षी या थेंबानंच मला पाडलं. पलूसहून आलेल्या नमुन्यात अल्कोहोल ९ टक्के निघालं, असायला हवं होतं १३. विद्यार्थ्याला फोन करून घाबरवलं. दुसऱ्यांदा थेंब ठेवला तेव्हा भिंगातून बघितलं, तर हिऱ्याला चिकटून मोहरीपेक्षा लहान बुडबुडा बसला होता. आंबत्या वाइनमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो हिऱ्यावर येऊन सुटला होता. प्रकाश वाइनऐवजी थोडासा वायूतच डोकावून परत येत होता, म्हणून सगळंच कमी दिसत होतं. तेव्हापासून नमुना आधी नीट हलवून वायू काढायचा, यीस्टचा गढूळपणा गाळायचा आणि खोलीच्या ठरावीक तापमानावर येऊ द्यायचा. तापमान बदललं की पाण्याच्या खुणाही सरकतात. या तिन्हींत आळस केला तर लाखांचं यंत्रसुद्धा चुकीचा आकडा ठामपणे देतं.

एकेक लहर वेगळी करून मोजत बसलं तर वेळ जातो. म्हणून आजची यंत्रं सगळ्या लहरी एकदम सोडतात. प्रकाशाचे दोन भाग करून एक स्थिर आरशावर आणि एक सरकत्या आरशावर पाठवतात. दोन्ही परत येऊन एकमेकांत मिसळतात तेव्हा जो गुंता तयार होतो, तो फूरिये या फ्रेंच गणितज्ञाच्या रीतीनं उकलला की कुठल्या तालाचा प्रकाश किती होता ते हाती येतं. एफटीआयआर या नावातलं पहिलं अक्षर त्या फूरियेचं. डेन्मार्कच्या फॉस कंपनीचं वाइनस्कॅन हे यंत्र याच तत्त्वावर चालतं आणि जगभरच्या वायनऱ्यांत वापरात आहे. एका नमुन्याला मिनिटभर किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो.

इथपर्यंत ऐकून वर्गातली मुलं म्हणतात, "म्हणजे १०४५ ची खूण बघायची आणि अल्कोहोल सांगायचं, सोपं आहे की सर." इथेच खरी गंमत आहे आणि खरी मेहनतही. ग्लुकोजचा मोठा उंचवटा १०३५ च्या आसपास, फ्रुक्टोजचा १०६५ च्या. अल्कोहोलची खूण या दोघांच्या बरोबर मध्ये अडकलेली. ग्लिसरॉल, टार्टारिक आणि मॅलिक आम्ल यांच्याही खुणा त्याच गल्लीत. आलेखावर वेगवेगळी शिखरं दिसत नाहीत, एकात एक मिसळलेला डोंगर दिसतो.

आमच्या गावच्या भजनी मंडळात बारा-पंधरा जण एका सुरात म्हणतात. पाहुण्याला एकच आवाज ऐकू येतो. माझी आजी मात्र ओसरीवर बसून वाती वळता वळता सांगायची, "आज सुतारआण्णा आल्यालं दिसत न्हाईत." तिनं काही सुरांचं शास्त्र शिकलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं तेच आवाज, कधी हा नाही, कधी तो नाही, कधी एकाचा घसा बसलेला, असं सगळं ऐकून तिचा कान तयार झाला होता. यंत्राचा कान असाच तयार करावा लागतो. त्याला म्हणतात कॅलिब्रेशन.

पद्धत अशी. वेगवेगळ्या टाक्यांतले, वेगवेगळ्या दिवसांचे शे-दोनशे नमुने घ्यायचे. गोड, अर्धवट आंबलेले, पूर्ण आंबलेले, एखादा बिघडलेलासुद्धा. प्रत्येकाचा अवरक्त आलेख काढायचा. मग त्याच बाटलीतला नमुना घेऊन जुन्या पद्धतीनं सगळं मोजायचं. अल्कोहोलसाठी ऊर्ध्वपातन करून घनता. साखरेसाठी फेलिंगचं निळं द्रावण उकळत ठेवून वरून थेंब थेंब वाइन. आम्लासाठी टायट्रेशन, म्हणजे ब्युरेट नावाच्या खुणांच्या नळीतून थेंब थेंब सोडियम हायड्रॉक्साइड. व्हिनेगरच्या आम्लासाठी वाफेनं ऊर्ध्वपातन आणि पुन्हा टायट्रेशन. हे सगळे आकडे आणि सगळे आलेख शेजारी शेजारी मांडले की गणित शोधतं, कुठल्या भागात आलेख कसा हलला की कुठला आकडा कसा हलतो. यासाठी सगळ्यांत जास्त वापरात असलेली रीत म्हणजे पार्शल लीस्ट स्क्वेअर्स. ती स्वीडनमध्ये हर्मन वोल्ड या संख्याशास्त्रज्ञानं घडवली आणि त्याच्या मुलानं, स्वांते वोल्डनं, रसायनशास्त्रात आणली. शेवटी यंत्रानं कधीच न बघितलेले नमुने देऊन त्याची परीक्षा घ्यायची.

यातून एक गोष्ट निघते, ती मी प्रत्येक बॅचला दोनदा सांगतो. यंत्र साखर मोजत नाही. ते ओळखीच्या आलेखांवरून साखर किती असावी ते सांगतं. शिकवताना टायट्रेशन निष्काळजीपणे केलं असेल तर यंत्र तोच निष्काळजीपणा शिकतं आणि पुढे प्रत्येक नमुन्यात लावतं. आणि न ऐकलेल्या आवाजासमोर त्याचा कान गोंधळतो. थंड मुलुखातल्या द्राक्षांत मॅलिक आम्ल जास्त राहतं, आपल्या उन्हात पिकलेल्या द्राक्षांत ते बरंच जळून जातं. तिकडच्या वाइनवर शिकलेलं यंत्र इकडे आणून नुसतं सुरू केलं तर आकडे थोडे सरकलेले येतात. इथल्या नमुन्यांवर त्याला पुन्हा बसवावं लागतं आणि दर हंगामाला थोडं थोडं तपासत राहावं लागतं.

इतकं केलं की मात्र ते काय काय दाखवतं ते बघा. त्या बिघडलेल्या टाकीकडे परत जाऊ. यीस्टला ग्लुकोज जास्त आवडतं, फ्रुक्टोज ते मागे ठेवतं. द्राक्षात दोन्ही साधारण निम्मे-निम्मे असतात, पण आंबणं शेवटाला येतं तेव्हा उरलेली साखर बहुतेक फ्रुक्टोजच असते आणि तोवर वाढलेल्या अल्कोहोलनं यीस्ट थकलेलं असतं. ग्लुकोज संपलं आहे, फ्रुक्टोज १२ वर आहे आणि कालही १२ च होतं, असं दिसलं की समजायचं, आंबणं अडलं. त्याच दिवशी टाकी थोडी गरम ठेवता येते किंवा ताजं, जोमदार यीस्ट घालता येतं. त्या वर्षी आमच्याकडे हा आलेख असता तर पेट्या भिजल्या नसत्या.

तांबड्या वाइनमध्ये यीस्टनंतर आणखी एक आंबणं करवतात. जिवाणू जहाल आंबट मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात, म्हणजे कैरीच्या आंबटपणाकडून दह्याच्या आंबटपणाकडे. ते संपलं का हे बघायला कागदावर डाग ओढायची जुनी पद्धत आहे, तिला कित्येक तास लागतात. अवरक्त आलेखात एक आम्ल उतरताना आणि दुसरं चढताना एकदमच दिसतं. व्हिनेगरचं आम्ल चढत असेल तर तेही, पण तिथे मी एका आकड्यावर विश्वास ठेवत नाही. लिटरमागे ०.४ ग्रॅम की ०.५, एवढी चूक यंत्राच्या आकड्यात धरूनच चालावी लागते. तीन-चार दिवस ओळीनं चढण दिसली तर मात्र टाकीत हवा कुठून शिरते ते शोधायला लागायचं.

जे लिटरमागे ग्रॅमात आहे तेच याला दिसतं. वाइन टिकावी म्हणून घालतात तो सल्फर डायऑक्साइड लिटरमागे मिलिग्रॅमांतच असतो. त्यातला मोकळा भाग याला धडपणे दिसत नाही, तो टायट्रेशननंच मोजावा. वास देणारे पदार्थ तर त्याहून कितीतरी कमी. त्यांच्यासाठी माणसाचं नाक आणि वेगळी महागडी यंत्रं.

निकट अवरक्त नावाचा याचा एक भाऊबंद आहे, दृश्य प्रकाशाला लागून असलेला. अमेरिकेच्या कृषी खात्यात कार्ल नॉरिस यांनी धान्यातला ओलावा मोजायला तो वापरात आणला. त्याच्या खुणा आणखी पसरट, आणखी मिसळलेल्या असतात. पण तो मिलिमीटरभर जाड थरातून आणि काचेच्या तंतूतून जातो, त्यामुळे थेट टाकीत काडी बसवून तासातासाला वाचता येतं. ऊस-रसाचा ब्रिक्स आणि पोल (म्हणजे रसातली सुक्रोज साखर) काढायला साखर कारखान्यांतही तो वापरतात.

खर्चाबद्दल मनापासून एक सांगतो. लहान वायनरीनं एकटीनं असं यंत्र घेणं परवडत नाही आणि घेतलं तरी हंगामाचे तीन महिने सोडून ते धूळ खाणार. पण आपण तर दूध आणि ऊस सहकारावर उभा केलेला मुलूख. चार-पाच वायनऱ्यांनी मिळून एक यंत्र, एक नीट शिकलेला केमिस्ट आणि सगळ्यांच्या नमुन्यांवर तयार केलेलं एक सामाईक कॅलिब्रेशन असं केलं, तर प्रत्येकाचा फायदा आहे. कॅलिब्रेशन जितक्या वेगवेगळ्या टाक्यांवर तयार होईल तितका यंत्राचा कान पक्का, म्हणजे इथे शेजाऱ्याचे नमुने आपल्याच कामी येतात. मी हे बोलून दाखवलं तेव्हा आपले आकडे दुसऱ्याला कसे दाखवायचे, असा सूर निघाला. मला तो पटत नाही. रोज संध्याकाळी अख्ख्या गावासमोर फॅट लागते, त्यानं कुणाची म्हैस कमी दूध देत नाही.

सध्या आमचं काम साधं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये माझा विद्यार्थी बर्फाच्या डब्यात बाटल्या घालून एसटीनं कोल्हापूरला येतो. शेवटच्या वर्षाची मुलं निम्मा दिवस टायट्रेशन करतात, निम्मा दिवस हिऱ्यावर थेंब ठेवतात. यीस्टची साखर संपली असं म्हणायला लिटरमागे ४ ग्रॅमच्या खाली यायला हवं, ही युरोपातली ड्राय वाइनची हद्द आम्ही धरली आहे. परवाची शिराझची बाटली, टाकी तीच, दिवस सतरावा. यंत्र म्हणालं ३.१. फेलिंगनं दोनदा केलं, दोन्ही वेळा २.४. मुलींनी दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि तो आलेख कॅलिब्रेशनमध्ये घातला. तोवर विद्यार्थी फोनवर सांगत होता की उद्या टाकी उपसायला हरकत नाही.